काचेचा बूट आणि पाऱ्याचा आरसा

लोकवाङ्मयाच्या तासाला आमच्या बाईंनी एकदा सहज विचारले, "सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींची नावे काय?" सिंड्रेला वर्गात सर्वांनाच ठाऊक होती. गावातल्या शाळेत शिकलेल्यांना होती, तशी आश्रमशाळेत शिकलेल्यांनाही होती. भोपळ्याची गाडी, उंदरांचे घोडे, बाराचे ठोके, काचेचा बूट, सारे पाठ. पण बहिणींची नावे कोणालाच येईनात. बाई म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. ग्रिम बंधूंनीही ती दिलेली नाहीत." वर्ग हसला आणि तास पुढे गेला. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न राहिला. ज्यांचा पाय बुटात मावत नाही त्यांना गोष्टीत नावसुद्धा मिळू नये, हे मला खटकले. प्रस्तुत लेख त्या खटकण्यातून निघाला आहे.

परीकथा म्हणजे मुलांना झोपविण्याचे साधन, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आपण जी सिंड्रेला ऐकतो ती मुख्यतः शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाची. १६९७ साली त्याने ती आपल्या कथासंग्रहात घातली. काचेचा बूट त्याचाच. त्याच्या गोष्टीत शेवटी सिंड्रेला बहिणींना क्षमा करते आणि दरबारातल्या सरदारांशी त्यांची लग्ने लावून देते. १९५० साली वॉल्ट डिस्ने यांनी चित्रपट काढला तो याच गोष्टीवर. त्यामुळे जगभरच्या मुलांना हीच एक सिंड्रेला माहीत झाली.

याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंनी १८१२ साली जर्मन लोककथांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातली सिंड्रेला निराळी आहे. बूट सोन्याचा आहे आणि तो चिमुकला आहे. थोरल्या बहिणीचा अंगठा आत जाईना, तेव्हा आई तिच्या हाती सुरी देते. राणी झाल्यावर पायी चालायचे कारणच काय, असा आईचा हिशेब. मुलगी अंगठा कापते, कळ गिळते आणि राजपुत्राच्या घोड्यावर बसते. वाटेत पाखरे ओरडतात की बुटात रक्त आहे. राजपुत्र खाली पाहतो आणि बाजारातून आणलेले फुटके मडके परत करावे तशी तिला घरी आणून सोडतो. मग धाकटी आपली टाच कापते. पुन्हा पाखरे, पुन्हा रक्त, पुन्हा परत. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ग्रिम बंधूंनी त्यापुढेही एक शिक्षा जोडली. सिंड्रेलाच्या लग्नात कबुतरे दोन्ही बहिणींचे डोळे टोचून काढतात.

म्हणजे आजकाल ज्यांना 'भयावह पुनःकथने' म्हणतात, त्यांतले भय बाहेरून आणलेले नाही. ते मुळातच होते. गोड आवृत्त्यांनी ते पुसून टाकले, आणि आज काही लेखिका व दिग्दर्शिका ते परत आणीत आहेत. फरक एवढाच की जुन्या गोष्टीत सुरी दिसते तेव्हा आपण राजपुत्राच्या बाजूला उभे असतो, आणि नव्या गोष्टीत त्या पायाच्या बाजूला.

आपल्याकडे बुटाची गोष्ट नव्हती असे मात्र कोणी समजू नये. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची मुलगी मेरी फ्रियर हिने १८६८ साली 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचे पुस्तक लंडनमध्ये छापले. दक्षिणेच्या दौऱ्यात आपल्या आयेकडून ऐकलेल्या गोष्टी तिने लिहून घेतल्या होत्या. त्या आयेचे नाव ॲना लिबेराता डिसूझा. तिला त्या गोष्टी आपल्या आजीकडून मिळाल्या होत्या. (गोष्टी सांगणाऱ्या बाईचे नाव आणि तिची हकीकत पुस्तकात छापली गेली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.) त्या पुस्तकात सोदेवाबाईची कथा आहे. सोदेवाबाई राजकन्या, तिचा प्राण तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या माळेत. डोंगरावर फुले वेचताना तिच्या पायातला एक जोडा खाली घरंगळतो, तो दूरच्या एका राजपुत्राला मिळतो आणि त्या जोड्यावरून त्यांचे लग्न होते. येथपर्यंत सिंड्रेला. पण राजपुत्राची पहिली राणी असते. ती मत्सराने आपल्या काळ्या दासीकरवी झोपलेल्या सोदेवाबाईची माळ चोरते. दासीच्या गळ्यात माळ आहे तोवर सोदेवाबाई मेलेली. रात्री दासी माळ काढून ठेवते तेव्हा ती थडग्यात उठून बसते. दिवसा प्रेत, रात्री स्त्री. त्या थडग्यातच तिला मूल होते.

मला ही कथा ग्रिमच्या कथेपेक्षाही भयाण वाटली. आणि तिच्यात एक गोष्ट सहज येऊन जाते, वाचताना ती नजरेतून सुटते. चोरी करणारी दासी काळी आहे. तिला कथेने दुसरे काही वर्णन दिलेले नाही, नावही नाही. गोरीचा प्राण काळीच्या गळ्यात अडकला, एवढ्यावर ऐकणाऱ्याला कोण चांगले आणि कोण वाईट ते कळते. कथा सांगणारीला वेगळे काही सांगावेच लागत नाही.

आम्ही साहित्यशास्त्रात रसविचार शिकतो. भरताने आठ रस सांगितले. त्यांतल्या बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. पुढच्या शास्त्रकारांनी शृंगार आणि बीभत्स हे परस्परविरोधी मानले. एक असेल तेथे दुसऱ्याने येऊ नये. परीकथेचे गोड रूप हा नियम पाळते. नाच दिसतो, बूट दिसतो, लग्न दिसते. कापलेला अंगठा पडद्यामागे राहतो. परंतु माणसाच्या आयुष्यात हे दोन रस एवढे दूर असतात का, याची मला शंका आहे. मुलगी पाहायला येणार म्हटल्यावर घरात जी तयारी चालते तिच्यात शृंगार किती आणि जुगुप्सा किती, हे ज्या मुलीला पाटावर बसविले असेल तिनेच सांगावे. नवी पुनःकथने हे दोन रस मुद्दाम एका चौकटीत बसवितात. शास्त्राच्या दृष्टीने तो दोष. मला तो त्यांचा गुण वाटतो.

या वाटेने गेलेल्यांची यादी मोठी आहे, ती येथे देत नाही. अमेरिकन कवयित्री ॲन सेक्स्टन हिने १९७१ साली ग्रिमच्या कथांवर कवितांचे पुस्तक काढले. इंग्लंडच्या अँजेला कार्टर हिचा 'द ब्लडी चेंबर' हा कथासंग्रह १९७९ चा. दोघींनी परीकथेतल्या मुलीला तोंड दिले. आपल्या मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा वाचकप्रिय केली, आणि मतकरींनी मुलांसाठी परीकथेच्या धर्तीची नाटकेही लिहिली. पण भयकथा मोठ्यांची आणि परीकथा मुलांची, अशी आपल्याकडे वाटणी राहिली. ती दोन खोल्यांतली भिंत पाडून कोणी सुंदरतेच्या सक्तीवर मोठे लिखाण केलेले माझ्या वाचनात आले नाही. माझे वाचन थोडे आहे हेही खरे.

मी पाहिलेले सर्वांत अलीकडचे पुनःकथन म्हणजे 'द अग्ली स्टेपसिस्टर' हा नॉर्वेचा चित्रपट. दिग्दर्शिका एमिली ब्लिकफेल्ट. २०२५ च्या जानेवारीत तो अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात प्रथम दाखविला गेला. आम्ही तो वसतिगृहाच्या खोलीत मोबाईलवर पाहिला, खालची इंग्रजी अक्षरे वाचत, दर पाच मिनिटांनी थांबवीत. यात सावत्र बहिणीला नाव आहे. ती एल्विरा. तिला राजपुत्राच्या कवितांचे वेड आहे, दातांना तारा आहेत, अंगाने ती भरलेली आहे आणि स्वभावाने बरी आहे. आई विधवा, पैशाने बुडालेली, आणि मुलीच्या रूपावाचून तिच्याजवळ भांडवल नाही. म्हणून डॉक्टर येतो. तो छिन्नी-हातोड्याने एल्विराचे नाक मोडून नवे करतो. पापण्यांना केस शिवतो. बारीक होण्यासाठी ती फीतकृमीचे अंडे गिळते. जंत पोटात वाढतो आणि ती रूपवान होता होता तिचे केस गळू लागतात. शेवटी सुरी येते. ग्रिमने दोन ओळींत सांगितलेले येथे डोळ्यांसमोर घडते.

पण मला त्यातल्या रक्तापेक्षा दुसरेच दृश्य अधिक लागले. त्या घरात सिंड्रेलाच्या वडिलांचे प्रेत कुजत पडलेले आहे. पुरण्याला पैसा नाही, कारण पैसा एल्विराच्या चेहऱ्यावर खर्च झाला आहे. आमच्या भागात मुलीच्या लग्नासाठी जमीन गहाण पडते, बैल विकले जातात. हे दृश्य समजायला आम्हाला इंग्रजी अक्षरांची गरज पडली नाही.

नाकाच्या प्रसंगावरून एक आठवते, थोडे विषयांतर होईल. नाक कापणे ही आपल्याकडे फार जुनी शिक्षा. शूर्पणखेचा प्रसंग पंचवटीचा म्हणून नाशिककडे दाखवितात. वाल्मीकींनी तेथे रामाचे रूप आणि तिचे कुरूप एकापुढे एक मांडून दाखविले आहे. तो सुमुख तर ती दुर्मुखी, असे एकेक अवयवाने. रूप नसलेल्या बाईने मागणी घातली आणि तिच्या देहाचा तुकडा गेला. सावत्र बहिणींच्या अंगठ्याची आणि टाचेची गोष्ट याहून किती वेगळी आहे, याचा विचार व्हावा. आणि कापलेले नाक पुन्हा बसविण्याची विद्याही आपलीच. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतील माणसाने १७९३ च्या सुमारास कपाळाची कातडी उतरवून नवे नाक केले. त्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि तेथील शस्त्रवैद्यांनी ती विद्या उचलली. शिक्षा भोगलेल्यांसाठी निघालेली ही विद्या पुढे चांगले नाक असलेल्यांची नाके बदलण्यास वापरली गेली. असो.

चित्रपटाबद्दल एक तक्रार नोंदवते. या प्रकारच्या कृतींना कधी कधी रक्ताचीच गोडी लागते. २०२४ सालचा 'द सबस्टन्स' हा कोरली फार्जा या फ्रेंच दिग्दर्शिकेचा चित्रपट पाहा. परीकथेचे नाव त्याला नाही, पण आत हिमगौरीच्या सावत्र आईचीच गोष्ट आहे. वय झालेली नटी तरुण होण्यासाठी औषध टोचून घेते आणि तिच्या पाठीतून दुसरी, तरुण 'ती' बाहेर येते. आरशासमोर बाहेर जायची तयारी करणारी, पुन:पुन्हा तोंड पुसून रंगविणारी आणि अखेर घरीच बसणारी ती बाई मी विसरणार नाही. परंतु शेवटच्या भागात प्रेक्षागारावर जे रक्ताचे फवारे उडतात, तेथे मी थंड झाले. किळस वाढली की विचार थांबतो. ब्लिकफेल्टही एकदोनदा त्या वाटेला जाते. तेवढ्यापुरती साहित्यशास्त्रकारांची सूचना मला पटली.

आता हिमगौरी. 'स्नो व्हाइट' या नावाचे हे मराठी रूप फार सुंदर आहे, आणि म्हणूनच त्यात एक गोम आहे. मूळ नावात बर्फाचा पांढरेपणा होता. आपण त्यात 'गौरी' घातली. गौरी म्हणजे पार्वती आणि गौरी म्हणजे गोरी. युरोपात जो रंग बहुतेकांचा असतो, तो आपल्याकडे एका शब्दात देवत्वाला जाऊन चिकटला. आमच्या भागातल्या पहिलीच्या मुलीने हिमगौरीचे चित्र रंगवायचे म्हटले, तर खडूच्या पेटीतला कोणता खडू ती उचलणार? स्वतःच्या हातासारखा तपकिरी खडू तर नक्कीच नाही. मीही उचलला नव्हता.

आणि आरसा. गोष्टीत आरसा बोलतो, राणीला खरे सांगतो. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ही राणी हिमगौरीची सख्खी आईच होती. १८१९ मध्ये ग्रिम बंधूंनी तिला सावत्र केले. शेवटी तिला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचवितात. पुन्हा जोडे, पुन्हा बाईचे पाय. पण आरसा कशाचा असतो? त्या काळातले आरसे काचेमागे कथील आणि पारा यांचा लेप देऊन करीत. व्हेनिसजवळ हा धंदा मोठा होता. इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात आरसे करणाऱ्यांना पाऱ्यामुळे लकवा आणि दमा होतो याची नोंद केली आहे. स्वतः केलेल्या आरशात त्यांना स्वतःची दैना पाहावी लागे. १८३५ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने चांदीचा लेप देण्याची रीत काढली, आणि पुढे आरशातला पारा गेला.

तो पारा आता परत आला आहे, पण डबीत. २०२३ साली अकोल्याची एक बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा विकार झाला. त्यांतली एक मुलगी जैवतंत्रज्ञान शिकणारी, वय २० वर्षे. तिघीही ब्युटी पार्लरमधून मिळालेले एकच क्रीम लावीत होत्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. केरळातील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या अशाच विकाराचे २२ रुग्ण नोंदले. त्यांतील १३ जणांनी गोरे करणारी क्रीमे वापरली होती.

हे घडते कसे, ते मी विज्ञान शाखेच्या एका मैत्रिणीकडून समजून घेतले. कातडीत काळा रंग तयार होण्याची जी क्रिया असते ती पारा अडवतो. म्हणून काही दिवसांत चेहरा खरोखर उजळतो, आणि म्हणूनच लावणारी ते सोडत नाही. पण पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साचतो. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की शरीरातली प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात. तोंड सुजते, पाय सुजतात. रोजची चप्पल पायात जाईनाशी होते. भारतात सौंदर्यप्रसाधनात पारा मिसळण्यास बंदी आहे. नकळत आला तरी दहा लाख भागांत एका भागाहून अधिक नसावा असा नियम आहे (डोळ्यांच्या प्रसाधनांना थोडी सूट). परंतु नियम त्या मालाला लागतो ज्याच्या डबीवर कारखान्याचे नाव असते. पाऱ्याखेरीज दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमांचा. खरजेवरची, इसबावरची ती मलमे मुली गोरे होण्यासाठी महिनोन्‌महिने लावतात. कातडी पातळ होते, उन्हात पेटते, आणि मलम सोडले की तोंड लाल होऊन फोड येतात. २०१८ साली सरकारने अशी १४ मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असे ठरविले. गोरेपणाची मोठी बाजारपेठ तर त्याआधीच उभी होती. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आली; २०२० मध्ये तिच्या नावातले 'फेअर' काढून 'ग्लो' घातले. नाव बदलले, बाकी लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, उंच, सडपातळ' हे शब्द आहेत तेथेच आहेत. बुटाचे माप आधी ठरते, पाय मागून शोधतात.

माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण चित्रपटातल्या अंगठ्याच्या प्रसंगाला उशीत तोंड खुपसून बसली. "बंद कर ना गं, मला पाहवत नाही," म्हणाली. तेव्हा तिच्या तोंडावर पांढरा थर होता. बाजारातून आणलेल्या एका डबीतला, जिच्यावर नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. उन्हाळ्यात तिचे लग्न ठरण्याच्या गोष्टी चालू होत्या आणि मुलाकडच्यांनी 'मुलगी थोडी काळी वाटते' असे कोणाजवळ तरी म्हटले होते. मी हसले आणि लगेच मला माझी लाज वाटली, कारण तीच डबी मीही दोनदा उघडली होती.

परीकथेतली कुरूप बाई म्हणजे केवळ बहीण नव्हे, चेटकीणही. तिचे नाक वाकडे, दात पुढे, कातडी सुरकुतलेली. हान्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीत मुलगी तिला भट्टीत ढकलते आणि ऐकणारी मुले टाळ्या पिटतात. मराठी बालरंगभूमीवर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण तर लाडकी झाली. दिलीप प्रभावळकर आणि अलीकडे वैभव मांगले या नटांनी ती गाजविली. पुरुषाने बाईचे कुरूप सोंग घ्यायचे आणि सर्वांनी हसायचे, यात मुलांचा आनंद खरा आहे, तो मी नाकारीत नाही. पण आमच्या जिल्ह्यात चेटकीण हा शब्द नाटकापुरता नाही. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जाळून मारण्यात आले. आलापल्लीहून एटापल्ली फार लांब नाही. तेथे जे घडले ते रूपावरून घडले असे मी म्हणत नाही. त्यामागे आजार होते, मरण होते, भीती होती. मला एवढेच म्हणायचे आहे की भट्टीतल्या चेटकिणीवर टाळी वाजविताना इतर ठिकाणच्या मुलांना जे परवडते ते आम्हाला परवडत नाही. भयकथा येथे करमणूक म्हणून वाचायची, तर आधी कोणाच्या बाजूला उभे राहायचे ते ठरवावे लागते.

याला आपल्याच परंपरेत काही उत्तर आहे का, हे शोधताना मला श्रावणातली शिवामुठीची कहाणी आठवली. ती मला शाळेतल्या एका बाईंकडून कळली, आमच्या घरी ती नव्हती. आटपाट नगरातल्या राजाच्या सुना, बाकीच्या आवडत्या आणि एक नावडती. नावडतीला उष्टे जेवण, जाडेभरडे वस्त्र, राहायला गोठा. ती नावडती का, हे कहाणी सांगतच नाही. काळी होती, जाडी होती, दात पुढे होते, यातले एक अक्षर नाही. पुढे नागकन्या तिला वसा सांगतात, ती दर सोमवारी मूठ मूठ धान्य वाहते, आणि शेवटी ती आवडती होते. परंतु तिचा चेहरा बदलत नाही. देऊळ सोन्याचे होते. चेहरा होता तोच राहतो. बदलते ती सासरच्यांची नजर. कोणाही परीने तिला आंघोळ घालून गोरी केलेली नाही. हे मला पेरोच्या कथेहून मोठे वाटते. अर्थात कहाणीलाही एक गाठ आहेच. आवडते होण्याची खटपट अखेर तिनेच करायची; नजर ज्यांची वाईट त्यांना वसा नाही, उपास नाही.

माझ्या आजीच्या कपाळावर, गालांवर, हातापायांवर गोंदण आहे. ती माडिया, तिच्या वयाच्या बायकांत हे सर्वांनाच असे. दागिना येथेच राहतो, गोंदण मेल्यावर सोबत येते, असे ती मानते. आईच्या तोंडावर मोजकेच ठिपके आहेत, माझ्या तोंडावर एकही नाही. मी तिला विचारले, दुखले नाही का? ती म्हणाली, "दुखले. दोन बायांनी धरले होते. मी चावले एकीला." म्हणजे सुया, काजळी, रक्त येथेही होते, आणि मुलीला विचारलेही नव्हते. आपले ते सारे चांगले असे म्हणून मला सुटता येत नाही. तरी एक फरक दिसतो. गोंदण सर्वांना होते. त्यात पहिली कोण, दुसरी कोण, हे ठरवायला आरसा नव्हता. ते उतरवून दुसरीसारखे होण्याची गोष्ट नव्हती. आता मात्र गोंदण काढून टाकता येते का, असे विचारणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीला मी सिंड्रेला सांगितली, ग्रिमची, माडियात. अंगठा कापला म्हटल्यावर तिने मला थांबविले. "मग ती मोहफुले वेचायला कशी जाईल?" मी म्हटले, आजी, ती राणी होणार, तिला मोहफुले कशाला वेचायची. "होणार," आजी म्हणाली, "झाली तर नाही ना?" मग तिने विचारले, त्या पोरीला घरी परत आणून सोडली, त्यानंतर तिच्या पायाला कोणी काही लावले की नाही. ग्रिममध्ये ते नाही. मी चित्रपटाचा शेवट सांगितला. तेथे धाकटी बहीण तिला औषध पाजते, पोटातला जंत बाहेर ओढून काढते, आणि दोघी घर सोडून जातात. आजीने तो शेवट ऐकला आणि मोहफुलांच्या टोपलीला कूड लावायला उठली. तिला तो पटला की नाही ते कळले नाही.

वसतिगृहात परतल्यावर मी मैत्रिणीला अकोल्याची बातमी वाचून दाखविली. ती काही बोलली नाही. आठवड्याने म्हणाली, "चल ना दवाखान्यात, एकटीला जायची लाज वाटते." लघवीची तपासणी झाली. प्रथिने नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले, तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितले. लग्नाचे अजून ठरलेले नाही. मुलाकडून निरोप यायचा आहे. डबी आमच्या खिडकीत आहे. ती लावीत नाही, आणि फेकूही देत नाही.